हत्तिणीचं माप

सौंसर,
२२ फेब्रुवारी

प्रिय ऋषी,

पुष्कळ आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही बेंगलोरात वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. थंडी गेली. शेजारच्या वच्छलाकाकूंनी टोपलंभर संत्री आणून दिली. फळ मोठं आहे, पण औंदा आंबट निघालं. तुझ्या खोलीची खिडकी सुताराकडून नीट करून घेतली.

आईचं पत्र पाहून घाबरशील, म्हणून इकडचं तिकडचं लिहून राहिली. रविवारी फोनवर आपण बोलतोच. पण बाबा आता दिवसभर घरात असतात, अन् घर केवढं ते तुला माहीत आहे. ढोरांच्या दवाखान्यात जाणं त्यांनी बंद केलं. लांब रजा टाकली.

झालं असं. संक्रांतीनंतर पांढुर्ण्याकडून एक म्हातारा माहूत हत्तीण घेऊन आला. रूपकली तिचं नाव. जामसावळीच्या देवळापासून थोड्या अंतरावर त्यांचा मुक्काम होता. लोक केळी द्यायचे, बाया लेकरांना सोंडेला हात लावू द्यायच्या. मीही गूळ घेऊन गेली होती. तिच्या मागच्या पायात खिळा घुसून आत पू झाला होता. पाय टेकवत नव्हती. कोणी जवळ गेलं की सोंड फिरवायची. एका माणसाचा हात मोडला, तेव्हा लोक बाबांना घ्यायला घरी आले.

हत्तीचा जाणता डॉक्टर बाहेरून यायला दोन-तीन दिवस लागणार होते. पाय तर सडत चालला होता. बाबांनी जन्मभर गाई-म्हशी केल्या, घोडे केले; हत्ती कधीच नाही. गुंगी दिल्याशिवाय तिच्या पायाला हात लावणं शक्य नव्हतं. घोड्याला किती औषध लागते, ते त्यांना पाठ. हत्तीण घोड्याच्या दहापट भारी, म्हणून त्यांनी दहापट भरलं.

खिळा निघाला. पू निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती डुलायला लागली अन् बसली, ती छातीवरच. एवढा डोंगर स्वतःच्याच फुप्फुसांवर. बाबा ओरडत होते, "कुशीवर पाडा तिले! कुशीवर!" दोर लावले, गावातली सगळी माणसं लागली, जेसीबी बोलावला. तो येईपर्यंत तिचा श्वास थांबला होता. माहूत तिच्या कानाशी बसून म्हणत होता, "उठ बेटी, चलना है." मग त्यानंच बाबांचे पाय धरले. म्हणाला, "साहब, आपने तो उसका दरद निकाला. उसकी उमर हो गई थी."

वनखात्याच्या लोकांनीही तसंच लिहिलं. वय, अन् जखमेचं विष अंगात भिनलेलं. बाबांना कोणी एक शब्द बोललं नाही. उलट शेजारच्या मोहगावचे लोकही घरी येऊन धीर देऊन गेले. मला वाटलं, मिटलं.

काही दिवसांनी पाहते, तर ते अंगणात बसून मोबाइलवर तुझा लेख वाचत होते. इंग्रजी शब्दांना अडखळत, मागं-पुढं करत. ताईच्या लग्नात पाहुण्यांसमोर ज्या कामाला ते हसले होते, तेच काम. "ढोरांचा डॉक्टर केला, अन् हा उंदराचा श्वास मोजून राहिला!" त्या दिवसापासून तू त्यांच्याशी बोलला नाहीस. तुझ्या जागी मी असती तर मीही बोलली नसती.

मला जवळ बसवून म्हणाले, "करुणा, पाहा. उंदराचं एक किलो मांस घेतलं अन् हत्तीचं एक किलो, तर उंदराचं कितीतरी भराभर अन्न जाळते. म्हणून तो दिवसभर खात राहते. जनावर जेवढं मोठं, तेवढं त्याचं एकेक किलो हळू चालते. खाणं हळू, श्वास हळू, औषध पचवणंही हळू."

"म्हणजे?"

"म्हणजे वजन दहापट, तर औषध साडेपाचपट पुरे होतं. मी जवळपास दुप्पट टोचलं. पोरगं हेच मोजून राहिलं होतं, अन् मी हसलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आपल्या ढोरांच्या खात्याला कळवलं, की हत्तीण माझ्या चुकीच्या मापानं गेली. वरच्या साहेबांनी दोनदा समजावलं, कागद परत घ्या. घेतला नाही. आता चौकशी लागली आहे. पुढच्या सोमवारी पांढुर्ण्याला बयान आहे. एकटाच जातो म्हणतात. भाकरी अर्धी टाकून उठतात. परवा शेजाऱ्याची म्हैस अडली होती. दारापर्यंत गेले अन् औषधाची पेटी न उघडताच परत आले. ती म्हैस वाचली नाही.

इथपर्यंतच लिहून पाकीट बंद करणार होती. पण ऋषी, एक राहिलं.

औषध भरायच्या आधी त्यांनी तुला फोन लावला होता. मी बाजूलाच उभी होती. मला म्हणाले, "त्याले माहीत असन." दोनदा लावला. तू उचलला नाहीस. लोक घाई करून राहिले होते, हत्तीण ओरडत होती. त्यांनी फोन खिशात टाकला.

तू कामात असशील. किंवा नाव पाहून तसाच ठेवला असशील. मला माहीत नाही, अन् मला सांगूही नको. बाबांनी मला शब्द द्यायला लावला, "त्याले कधी कळू देजो नको. पोरगं जन्मभर ओझं वाहीन." मी हो म्हटलं. पण तुझ्या फोनात त्या दोन कॉलची तारीख आहेच. उद्या कोणाकडून हत्तिणीचं कळलं असतं, तर तू एकट्यानं ते जोडलं असतंस. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, असं वाटलं. बरोबर केलं की चूक, मला उमगत नाही.

तुझ्यावर राग नाही. त्यांचा तर नाहीच. ये म्हणून हट्टही करत नाही. फोन करायचा झाला तर मला करू नको. त्यांना कर. ते कदाचित उचलणार नाहीत. तरी परत कर.

तुझ्या बाबांना दिलेला शब्द मोडून,
आई