गुरुवारचं पाणी

बिबवेवाडी,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय तालिब,

सलाम. खराडीत सगळे खुशाल असाल. तुझ्या शहजादीची परीक्षा कशी गेली? अम्मीचा गुडघा आता बरा आहे. तू कारखाना सोडल्याला तीन ईद झाल्या. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

आपलं धातूला मुलामा द्यायचं प्लेटिंगचं काम महिनाभर बंद आहे. मागच्या गल्लीतल्या मुक्ताईबाईंच्या तक्रारीवरून प्रदूषण मंडळानं सील लावलं. आपण दाद मागितली, तर प्रकरण मध्यस्थीला गेलं. मध्यस्थ मंदाकिनीताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. मोकळेपणानं बोला." आपले वकील माझ्या कानात म्हणाले, "तुम्ही गप्प बसा."

तडजोड जवळपास ठरली आहे. मी शुद्धीकरणाची टाकी बसवायची, मग सील निघेल, अकरा कामगार परत येतील. फक्त कागदात माझ्या तोंडी एक ओळ आहे : सांडपाणी जमिनीत कधीही सोडलेलं नाही.

काल मुक्ताईबाईंनी पिशवीतून बाटली काढली. त्यांच्या बोअरचं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढं सरकवलं.

"घ्या मैनुद्दीनभाई. समोरच्याला पाणी विचारायची रीत आहे आमच्याकडे."

पाणी दिसायला स्वच्छ होतं. माझा हात उठेना.

"तहान नसेल," त्या म्हणाल्या. "आमच्या अपेक्षाला मात्र लागते."

अपेक्षा त्यांची नात, सात वर्षांची. तिच्या हातांवरचे चट्टे जात नाहीत. डॉक्टर विचारतात, पाण्यात नेमकं आहे काय?

जुम्म्याला कारखाना लख्ख हवा म्हणून गुरुवारी टाक्या धुवायच्या, ही अब्बांची शिस्त. ते पाणी फरशीखालच्या जुन्या, बंद बोअरमध्ये जायचं. सील लागेपर्यंत जात होतं. "भाई, आपली बोअर आणि त्यांची बोअर खाली एकच आहे," असं तू म्हणालास, पाण्याच्या तपासणीचा कागदही आणलास. मी तो फाडला आणि कामगारांसमोर तुला खोटा म्हणालो.

सोमवारी अकराला सह्या आहेत. ती ओळ मी खोडायला सांगणार आहे. वकिलांना अजून बोललो नाही. सील निघेल की कायमचं राहील, ठाऊक नाही.

त्या तपासणीच्या कागदाची दुसरी प्रत तुझ्याकडे असेल, तर घेऊन ये. अपेक्षाच्या डॉक्टरांना लागेल. आलास तर माझ्या बाजूला बसू नकोस. मुक्ताईबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

तुला खोटा म्हणालेला तुझा भाऊ,
मैनुद्दीन