देवाला लावलेला शब्द

पप्पा, गव्हाणची एक मुलगी सध्या दर शनिवारी माझ्याकडे येते. त्यांच्या चर्चच्या मंडळीतले काही जण मिळून बायबल आगरी बोलीत आणतायत, आणि मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून कच्चा मजकूर तपासायला माझ्याकडे देतात. मला पहिल्यापासून संशयच होता. जे पुस्तक तुम्ही आम्हाला उभं राहून ऐकायला लावायचात, ते 'हाय' आणि 'नाय'मध्ये बसणार कसं? आणि ही पोरं मूळ हिब्रूचं नाव घेतात ते कशाच्या जोरावर?

मागच्या शनिवारी हव्वा घडवली जाते ती जागा आली. आपल्या मराठी बायबलात तिथे 'साहाय्यक' आहे. मुलीनं 'मदतनीस' लिहून खोडलं होतं. म्हणाली, "मावशी, आमच्यात मदतनीस म्हटली की अंगनवारीतली बाई. पन मूळ शब्द तसा नाय. तोच शब्द स्तोत्रांत देवाला लावलाय. मग देवाला काय मदतनीस म्हनायचं?" तिनं मोबाईलवर दोन्ही ओळी दाखवल्या. मला ती लिपी येत नाही. वाटलं, मला खूश करतेय. बायकांना बरं वाटेल असं हल्ली पुष्कळ जण शोधून काढतात. पण शेपटाएवढा फरक सोडला तर दोन्हीकडचा आकार एकच होता, एवढं मलाही दिसत होतं.

मग माझा संशय तुमच्याकडे वळला. तो दिवस आठवला: मी दहावीत आहे. आई ओट्यापाशी कोलंबी सोलतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. ती पनवेलला नर्स होती, आणि उरणच्या दवाखान्यात तिला मेट्रनची, म्हणजे मुख्य नर्सची, जागा मिळत होती. तुम्ही आवाज चढवला नव्हता, तो तुम्ही कधीच चढवत नसायचात. "देवानं बाईला साहाय्यक म्हणून घडवलंय," एवढंच म्हणालात, "साहाय्यकाला वेगळी वाट नसते." आईनं हात धुतले. दुसऱ्या दिवशी ती नकार कळवून आली आणि पनवेलच्या त्याच वॉर्डात निवृत्त होईपर्यंत राहिली. तुम्ही पाळक होण्याआधी हिब्रू शिकला होतात. उपदेशात दर दोन वाक्यांनी मूळ भाषेत काय आहे ते सांगायचात. मग हा एकच शब्द तुमच्या नजरेतून कसा सुटला?

मुलगी गेल्यावर मी आईला विचारलं. ती आता फार बोलत नाही. चहा बशीत ओतत म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच मला सांगितलेलं, लग्न ठरायच्या आधी. वडाळे तलावाच्या काठी बसलो होतो. म्हणाले, देवाला लावलेला शब्द बाईला लावलाय. म्हणून तर मी हो म्हटलं."

"मग त्या दिवशी गप्प का राहिलीस?"

तिनं बशी खाली ठेवली. "वाटलं, विसरले असतील. मी आठवण करून दिली असती, आणि तरीही नाहीच म्हणाले असते तर?"

पप्पा, एवढी वर्षं ती तुमचं विसरणं सांभाळत बसली. मला मात्र ते विसरणं वाटत नाही. तुम्ही त्या शब्दाचा मूळ अर्थ बाहेर काढलात तेव्हा तुम्हाला होकार हवा होता, आणि आत ठेवलात तेव्हा नकार. भाषांतर चुकलेलं नव्हतं. ते पुरेसं धूसर होतं, आणि तुम्हाला तेवढं पुरलं.

काल मुलीला फोन करून सांगितलं, तिथे 'आधार' लिही. ती म्हणाली, "गावातली पुरुषमानसं नाय ऐकायची, मावशी." म्हटलं, मोठ्यानं वाच. तरी तिच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. उद्या तीही कुणाच्या भीतीनं तो शब्द बदलेल.

ख्रिस्ती दफनभूमीत आईला महिन्यातून एकदा रिक्षानं नेते, तेव्हा हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवणार नाही. तिच्या हाती पडलेलं मला चालायचं नाही. हल्ली प्रार्थनेत देवाला 'पित्या' म्हणताना मी अडखळते. मग तरीही म्हणते.