राईतलं लोखंड

त्रिशूर, केरळ
दि. ८ ऑगस्ट २०२३

ती. भाऊंना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं बरं म्हणता आणि आईच्या हातात फोन देऊन मोकळे होता. म्हणून पत्र लिहिते आहे, ते तुम्हालाच वाचावं लागेल.

एम. एस्सी.च्या प्रबंधाला विषय मिळाला: आपली वाघजाईची राई. वर्गातले सगळे मोठाली सरकारी जंगलं घेऊन बसलेत. मी पाच एकर म्हटल्यावर हसले. पण त्यात काय काय उभं आहे ते सांगितल्यावर आमचे सर सरसावून बसले. दिवाळीत येऊन एकेक झाड मोजायचं आहे. प्रत्येकाला नंबराचा पत्रा लावावा लागेल, आणि पत्रा म्हटला की खिळा आला. सुतळीने बांधले तर माकडं चार दिवस ठेवणार नाहीत.

राईत लोखंड जात नाही हे मला माहीत आहे. मी सहा वर्षांची असताना तुम्ही शिवेच्या दगडाशी कोयता ठेवलात आणि माझ्या फ्रॉकची सेफ्टी पिनसुद्धा काढून ठेवलीत. त्या दिवशी मी जत्राभर फ्रॉक मुठीत धरून हिंडले. तरी विचारते आहे. गाव नाही म्हणालं तर विषय बदलावा लागेल आणि माझं वर्ष जाईल.

कळावे. लोभ असू द्या, काळजी असू देऊ नका.
आपली,
प्रेरणा

---

उंबरवाडी, पो. कामशेत
दि. ३ सप्टेंबर २०२३

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. फ्रॉकचं ऐकून ती हसता हसता रडली, मग चहा उतू गेला आणि शिव्या मला बसल्या.

गावाला देवळात बसवलं. कस्तुराबाई मावशी म्हणाली, आजवर न्हाई गेलं लोखंड, आत्ताच कशापायी? बाकीचे नुसत्या माना हलवत होते. मी सांगितलं, पोर झाडं तोडायला नाही, राखायला मोजते आहे, देवीलाच विचारू. यंदा पूजेची पाळी आपली, म्हणून सकाळी आंघोळ करून मी एकटाच गेलो आणि देवीच्या अंगाला दोन ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली. कौल मिळाला, तू ये.

खिळे मात्र मी ठोकणार. तीस वर्षं रेल्वेत कीमन होतो, रुळाच्या चाव्या ठोकण्यात जन्म गेला. तुझ्या कॉलेजात असा हात कोणाचा असेल तर कळव.

जेवणाची हेळसांड करू नको. लोभ आहेच, तो पुरवून वापर.
तुझा,
भाऊ

---

त्रिशूर
दि. १९ ऑगस्ट २०२४

ती. भाऊंना शि. सा. न. वि. वि.

मी पहिली आले! दोनशे चौदा झाडं, त्रेचाळीस जाती. सतरा नंबरच्या बेहड्याला आपण दोघांनी कवेत घ्यायचा प्रयत्न केला आणि हात पोचले नाहीत, तो फोटो सरांनी सगळ्यांना दाखवला. त्यांच्याच प्रकल्पात आता नोकरीही मिळाली.

प्रबंधाची एक प्रत पंचायतीला पाठवली. एक निलेशदादाने स्वतः फोन करून मागून घेतली. पवनेकाठच्या पर्यटकांच्या तंबूंपलीकडे माझ्या या चुलतभावाला काही दिसतं, हे पाहून फार बरं वाटलं. एकदा नोंद झाली की राईला हात लावायची कोणाची छाती होणार नाही.

कळावे. लोभ आहेच, या वेळी जरा कौतुकही पाठवा.
आपली,
प्रेरणा

---

उंबरवाडी
दि. १२ जानेवारी २०२५

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद.

आईला मीच गप्प केलं होतं. तुला हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

राईतली एकशे बारा झाडं गेली. निलेशला तंबूंसाठी रस्ता आणि गाड्या लावायला जागा हवी होती. राईच्या सातबाऱ्यावर भावकीची नऊ नावं, त्यांतल्या आठांच्या सह्या त्याने गोळा केल्या. झाडतोडीच्या परवानगीच्या अर्जाला तुझ्या पुस्तकातली यादी जोडली. झाडाचं नाव, घेर, उंची, सगळं आयतंच होतं.

मी देवळात उठून म्हटलं, देवीच्या जागेत लोखंड घालू नका. तेव्हा निलेश म्हणाला, काका, दोनशे चौदा खिळं तुमी ठोकलं, तुमचं काय वाकडं झालं? पोरगी पयली आली की. सगळे हसले. कस्तुराबाई मावशी तेवढी माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसलो. नववी सही माझी आहे.

लोभ ठेव म्हणायचा अधिकार राहिला नाही.
भाऊ

---

त्रिशूर
दि. २४ जानेवारी २०२५

ती. भाऊंना नमस्कार.

तुम्ही सही केलीत, हे मी दहा वेळा वाचलं. निलेशदादाचं मला नवल नाही. पण तुम्ही त्याला एवढंही सांगू शकला नाहीत का, की आम्ही चोरून गेलो नव्हतो? देवीने कौल दिला होता. रस्त्याला दिला होता का? मी तर तेवढ्याच भरवशावर खिळे आत आणले.

आता माझं ऐका. सर म्हणाले, झाडं तोडण्याआधीची नोंद सहसा कोणाकडे नसते, तुझ्याकडे आहे. जा, खुंट मोज, पीएच.डी. होईल. मी हो म्हटलं. स्वतःची किळस आली, तरी हो म्हटलं. मार्चमध्ये येते. खोडांवरचे पत्रे होते तसेच राहू द्या, निदान ते तरी.

लोभ कुठे ठेवायचा ते तुम्हीच सांगा.
प्रेरणा

---

उंबरवाडी
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणा हिस आशीर्वाद.

तोडलेल्या झाडांवरचे पत्रे राहिले नाहीत. खिळा असलेला ओंडका गिरणीवाला घेत नाही, करवतीचं पातं तुटतं. ठेकेदार माणूस शोधत होता. मी ठोकले होते, मीच उपटले. एकशे बारा. सतराचा खिळा सालीने गिळायला घेतला होता, पटाशीने खोदून काढावा लागला. सगळे पत्रे बिस्किटाच्या डब्यात आहेत, तुला लागतील.

निलेशला मी कौलाचं सांगितलं नाही, त्याला कारण आहे. त्या सकाळी डावी कळी पडली होती. पुन्हा लावल्या, पुन्हा डावीच. तुझं वर्ष जाईल एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या खेपेला डावी कळी जास्त भिजवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. मग उजवी पडली. मावशीला मी काही बोललो नव्हतो, पण तिने ओळखलं असावं.

ये, खुंट मोजायला ये. शिवेचा दगड जेसीबीने ओढ्यात लोटला. तुझी पिन काढून ठेवायलाही आता जागा नाही.

तुझा,
भाऊ