काडी मोडली त्याची साक्ष

आप्पा, तात्या म्हणाले, "तुज्या बानं मोडली काडी, त्यालाच जाऊन इचार." म्हणून विचारतेय. ती काडी कसली होती? बाभळीची का तुरीची? मला आठवत नाही. एवढंच आठवतंय की ती वाळलेली होती, करंगळीएवढी, आणि उचलल्यावर तुम्ही आधी फुंकर मारून तिच्यावरची माती उडवली होती. वकीलबाईंनीही मला हेच विचारलं. काडी कसली, मोडली कुणी, समोर कोण कोण होतं, त्याआधी कुणाकुणाची मोडली होती. मी एम.ए. झालेली बाई, शाळेत तासावर मराठी शिकवते, आणि माझं लग्न मोडलंय का नाही एवढ्याचं उत्तर मला देता येईना.

साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेय. मोबाईलवर लिहितेय. वकीलबाई माझं म्हणणं टाईप करून आणायला गेल्यात, आल्या की सही करायची आणि मग पुकारा होईल तेव्हा आत. तोवर तुम्ही आणि मी. समोरच्या बाकावर तो बसलाय. मिलिटरीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलाय, बूट अजून तसेच, तोंड दिसेल असे. त्याच्या आईचं आता उठणं-बसणं होत नाही, घरात भाकरी थापायला कुणी नाही, आणि इतक्या वर्षांनी त्याला आठवलं की आपल्याला बायको आहे. दावा लावलाय, बायकोनं नांदायला यावं. जोडीला पोरीच्या ताब्याचा अर्ज. म्हणजे मी गेले तर दोघी जाणार, मी नाही गेले तर ती एकटीच जायची भीती. तुम्ही शेवटची बघितली तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. आता चौथीत आहे. ताट तुमच्यासारखं बोटानं निपटून खाते. आज तिला माधवनगरच्या खोलीवर शेजारणीपाशी ठेवून आलेय, आणि एसटीत बसल्यापासून वाटतंय की परत जाईन तेव्हा ती तिथं नसेल. वाटतंय म्हणजे डोक्यात घुमतंय, थांबतच नाही.

खरं सांगू, नोटीस आली तेव्हा मी हसले होते. शेजारणीला म्हणाले, "चुकून आली असंल, आमची काडीमोड कवाच झालीया." तेच मी कोर्टातल्या त्या खोलीत सांगितलं, जिथं बायकांना फुकट वकील मिळतो. वकीलबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी विचारलं, "कागद?" मी म्हटलं, "कागद कशाला? भावकी होती की." हे बोलताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला. त्या समजावत म्हणाल्या, "ताई, तुमच्यात ही जुनी रीत आहे असं सिद्ध झालं तर कोर्ट ऐकू शकतं. पण ते सांगायला माणूस पाहिजे. जुनं माणूस. त्या बैठकीत बसलेलं, आणि अशा आणखी चार काड्या मोडताना बघितलेलं."

"मोडणारे माझे वडीलच होते."

"मग आणा की त्यांना!"

किती आनंदानं म्हणाल्या, आप्पा. तुम्ही गेलात हे मला सांगावं लागलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, मग परत काढलं. "दुसरी वाट म्हणजे आपणच घटस्फोट मागायचा. पण मग त्यानं काय केलं ते सांगावं लागेल. काय केलं त्यानं?"

"ते काढायचं नसतं."

"असं कोण म्हणतं?"

तुम्ही म्हणता. त्याच्या गावच्या देवळापुढची फरशी तापलेली आहे, दोन्हीकडची माणसं टोप्या मांडीवर घेऊन बसलीयत, आणि तुम्ही मधे. पार माण-खटावापासून जतपर्यंत तुम्हाला काडी मोडायला न्यायचे. म्हणायचे, ह्यांच्या हातची मोडली की मागं भांडण राहत नाही. तुमचा नियम एकच होता, बैठकीत कुणी कुणाचं उणंदुणं काढायचं नाही. पोरीला दुसरं घर बघायचं असतं, पोरालाही बघायचं असतं, चिखल उडवून कशाला पाठवायचं. लोकांना ते पटायचं. मलाही दुसऱ्यांच्या वेळी पटायचं. पण त्या दिवशी मी मांडीवरची पोर खाली ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, मला एक सांगायचंय." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "गप. हितं न्हाई." मग फुंकर. मग काडी. एक तुकडा माझ्या पुढ्यात, एक त्याच्या. त्यानं तो बुटानं बाजूला सारला. सगळे उठले, पाणी प्यायले, ऊस कधी तुटणार ते बोलायला लागले.

आणि तिथून आपण दहिवडीच्या स्टँडवर येतो. तुम्ही कांदाभजी घेता. मी खाते, म्हणजे कशी खाते ते मला तुमच्या तोंडावर दिसतं. तुम्ही विचारता, "लय भूक लागली व्हय गं?" मी म्हणते, "व्हय." "का? सकाळी काय खाल्लं न्हाईस?" आणि तिथं, आप्पा, ज्या गोष्टीला देवळापुढं जागा नव्हती ती मी भजी चावत चावत तुम्हाला सांगते. की तिथं स्वयंपाकघराला कुलूप असतं. एरवी चावी त्याच्या आईच्या कमरेला, तो सुट्टीवर आला की त्याच्या खिशात. पोर अंगावर पीत असली तरी भाकरी मागून घ्यायची. आणि मागितली की तो अंगणात उभी करतो, 'सावधान' म्हणतो आणि आत जातो. पोर आत रडते. 'विश्राम' म्हणायला तो त्याच्या मनाला येईल तेव्हा बाहेर येतो. एकदा मी उभ्या उभ्या पडले तर पहिल्यापासून. हे सगळं तुम्ही ऐकलंत. एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तुम्ही धोतराला हात पुसलात आणि म्हणालात, "आता मोडली न्हवं काडी. खा."

त्यानंतर हा विषय आपल्या घरात कधीच निघाला नाही. तुम्ही मला सांगलीला कॉलेजात घातलंत, माझी पोर खांद्यावर घेऊन फिरलात, आणि मग एक दिवस गेलात. मी कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटायचं, यालाच अब्रू म्हणतात.

रविवारी तात्यांकडं गेले होते. पाठचा भाऊ तुमचा, बैठकीत तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला. म्हटलं, "आवं तात्या, एकदाच यायचं साताऱ्याला. काडी मोडली एवढंच सांगायचं."

"म्हातारा झालो, पोरी. याद न्हाई."

आतून काकू म्हणाली, "याद न्हाई म्हणं! दुष्काळात मेलेल्या मेंढरांची नावं सांगत बसतंय रोज संध्याकाळी."

"तू गप गं. तुला काय कळतंय?"

"मला समदं कळतंय. नातू त्या हवालदाराकडं भरतीची तयारी करतोय, पळायला जातोय त्येच्याबरुबर. म्हणून याद गेलीया."

तात्यांनी तोंड फिरवलं. मी काकूच्या पाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, "काकू, मग तुमी या." ती कपात चहा ओतता ओतता थांबली. "मी कुठं असतीया बैठकीत? आमी बाया भिताडाच्या अलीकडं. आवाज ऐकलाय गं, बघितलं न्हाई." मी तरीही रेटत राहिले, रडले, त्यांच्या उंबऱ्यात बसून राहिले. तेव्हा तात्या चिडून ते बोलले. तुज्या बानं मोडली, त्यालाच इचार.

तर या. मी तुमचं नाव पुकारायला लावते. तुम्ही आत येता, पायताण दाराशी काढता, शिपाई म्हणतो, राहू द्या बाबा. शपथ घेता. काडी तुम्ही मोडली? व्हय. ही रीत पहिल्यापासनं हाय? आमच्या आज्याच्या आज्यापासनं. मुलगी काही सांगू बघत होती? इथं तुम्ही थांबता. मग त्याचा वकील नाही, मीच विचारते. आप्पा, मुलगी काही सांगू बघत होती का? दरवेळी इथंच अडतं. रोज वेगळ्या तऱ्हेनं तुम्हाला उभं करून बघते, कधी तुम्ही खाली बघता, कधी म्हणता, तिच्या भल्यासाठीच. तिथून पुढं मला तुमच्या तोंडात एक शब्द घालता येत नाही.

म्हणून मी दुसरी वाट धरलीय. बाईंना सगळं सांगितलं. कुलूप, चावी, सावधान. त्या लिहीत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "त्या वेळी कुणाला बोलला होता का? बोलला असाल तर ते आलंच पाहिजे. नाहीतर तो म्हणेल, आता बनवून सांगते." मी म्हटलं, "वडिलांना." "ते काय म्हणाले?" तेही सांगितलं. बैठकीत मला गप्प बसवलं हे सांगितलं, आणि स्टँडवर कळल्यावरही त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हेही. आज थोड्या वेळानं हे सगळं आपल्या भावकीतल्या माणसांसमोर वाचलं जाईल. ती तिकडं झाडाखाली उभी आहेत, त्याच्या बाजूनं आलेली. ज्यांनी तुम्हाला लांब लांब काड्या मोडायला नेलं तीच. तुमची अब्रू जाईल का राहील, मला माहीत नाही. पोर माझ्याकडं राहील का, तेही माहीत नाही. बाई म्हणतात, प्रयत्न करू. डॉक्टर म्हणतात तसं.

त्या आल्या बघा. कागद हातात आहेत, अजून गरम असतील. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगावं म्हणून एवढं लिहिलं. हे कुठं पाठवायचं नाही, राहील मोबाईलात.

एक गोष्ट मात्र त्या कागदात नाही. माझी भजीची प्लेट संपल्यावर तुम्ही तुमची माझ्याकडं सरकवली होती. तुम्ही सकाळपासून नुसत्या पाण्यावर होता. मी ते बाईंना सांगितलं होतं, आप्पा. बाई म्हणाल्या, हे राहू दे, ह्याचा आपल्याला उपयोग नाही. मी बरं म्हणाले.