यादीचा झोका आणि जावईबापूंची सही

श्री. जावईबापू यांना,

सासऱ्याचे आशीर्वाद. (नोटीस आल्यापासून ते काही काळ स्थगित होते. तुमच्या सासूबाईंच्या हुकमावरून आजपासून पुन्हा चालू केले आहेत.)

तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. मान आखडायची तुमची तक्रार कमी झाली का? दिवसभर मान खाली घालून सह्या ठोकण्यापेक्षा ज्यावर सही करायची तो कागद एकदा वाचला, तर मानेला मधूनमधून विसावा मिळतो, असं आमचे डॉक्टर म्हणतात. (डॉक्टर असं म्हणालेले नाहीत. मी म्हणतोय.) इकडे सगळं क्षेम आहे. माझा रक्तदाब जरा वर असतो, पण कोणामुळे ते लिहून तुमचा वाढवत नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, "बाबा, या प्रकरणावर मी तुमच्याशी एक अक्षर बोलू शकत नाही. कंपनीनं मला यातून बाजूला केलंय." नका बोलू. मी तरी कुठं बोलतोय? मी लिहितोय. तुम्हाला वाचायला बंदी असल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. आणि यात गुपित असं काही नाही. जे लिहितोय ते एकतर तुमच्या कंपनीच्या वकिलांसमोर घडलं, नाहीतर मी त्यांना तोंडावर सांगितलं. तरीही पहिल्यापासून लिहितो, कारण तुम्हाला ही हकीकत फक्त फोन बनवणाऱ्या बड्या कंपनीच्या खिडकीतून दिसलेली आहे. आमच्या कारखान्याच्या (ज्याला तुम्ही कौतुकानं 'बाबांची शेड' म्हणता) दारातून ती जरा वेगळी दिसते.

तर नोटीस आली तेव्हा मी हात धूत होतो. लखोटा तुमच्या सासूबाईंनी फोडला. पहिल्याच ओळीत 'वापरकर्त्याच्या बोटास यादीचा अंत झाल्याची जाणीव करून देणारी पद्धत' असं होतं. त्यांनी फक्त 'अंत झाल्याची' एवढंच वाचलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. कोण गेलं, कोण गेलं म्हणून मी ओल्या हातानं कागद घेतला. कुणी गेलेलं नव्हतं. आपण बेकऱ्यांसाठी ओव्हन बनवतो, त्यावर काचेचा पडदा असतो, त्यात पावापासून केकपर्यंत सगळ्यांची यादी असते, ती बोटानं वर सरकवायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (ठाऊक असावं, अशी आता फक्त आशा आहे.) यादी संपली की ती जराशी पुढं जाते, खाली रिकामी पट्टी दिसते, आणि बोट उचललं की झोका घेऊन जागेवर येते. हा झोका म्हणे तुमच्या कंपनीचा शोध. त्यावर पेटंट. तो ताबडतोब काढून टाका, नाहीतर न्यायालयात खेचू. खाली झोकदार सही. मी ती वाचायच्या आत सासूबाई मागून वाकून म्हणाल्या, "अगंबाई, ही तर जावईबापूंची!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, कौतुक होतं! जावयाचं पत्र म्हणून त्यांनी ती नोटीस तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ठेवली. पुढं वकिलांना द्यायला ती मला चोरून काढावी लागली.

तुम्ही नंतर खुलासा केलात, की अशा शेकडो नोटिसा एका दमात जातात, नावं कोण बघतं! बरोबर आहे. पण आमच्या कारखान्याला माझ्या आईचं नाव आहे. ते गेटवर आहे, गाडीवर आहे, आणि लग्नात तुम्हाला दिलेल्या छोट्या ओव्हनच्या दारावर तुमच्या डोळ्यांसमोर रोज आहे. (वापरत नसाल तर सांगा, गिऱ्हाईक तयार आहे.) कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं मी त्या दिवशी जेवताना म्हणालो. जावयांबद्दल आपल्या भाषेत आणखी एक म्हण आहे, ती मात्र सासूबाईंनी मला पुरी करू दिली नाही.

मग मी वकील गाठला. आमच्या वकीलबाई मुख्यत्वे घटस्फोट आणि भाडेकरू यांत मुरलेल्या. त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे. मी त्यांच्या टेबलावर ओव्हनचा सुटा पडदा ठेवला. त्यांनी आधी पेनाच्या टोपणानं यादी ओढून पाहिली, मग नखानं, मग बोटानं, आणि मग त्यांना त्याचा नादच लागला. बाहेर एक जोडपं विभक्त व्हायला ताटकळत होतं आणि बाई आत यादीला झोके देत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे हो! पण तुम्ही हे केलंत कधी? यांनी पेटंट मागितलं त्याच्या आधीचं निघालं, तर त्यांचंच पेटंट उडवता येईल."

जावईबापू, इथं तुम्ही जरा बसून घ्या. हा झोका केला आमच्या चिमणीनं. म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींनी. कॉलेजच्या सुट्टीत शेडमध्ये बसून, तुमची आणि तिची ओळखही नव्हती तेव्हा. त्याआधी यादी संपली की गपकन थांबायची. बेकरीवाल्यांना वाटायचं यंत्र अडकलं, मग ते मैद्यानं माखलेल्या अंगठ्यानं काच दाबायचे, आणि महिनाअखेरीला माझ्याकडे तडकलेल्या काचांचा ढीग जमायचा. चिमणीचा प्रोग्राम बसवल्यापासून काचा फुटायच्या थांबल्या. तुमच्या कंपनीनं पेटंटचा अर्ज केला तो त्यानंतर. म्हणजे तुम्ही सहीनिशी नोटीस धाडलीत, ती थेट स्वतःच्या बायकोच्या कामावर मालकी सांगायला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणणार होतो, पण तुम्ही चोर नाही. तुम्ही फक्त न वाचता सही करणारे आहात, आणि त्यासाठी आपल्या भाषेत म्हण नाही. पूर्वी कुणी करत नसावं.

आम्ही नोटिशीला जुमानत नाही म्हटल्यावर तुमच्या कंपनीनं दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत ओव्हन विकायला बंदी मागितली. त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत आमची विक्री थांबली. तयार ओव्हन शेडमध्ये भिंतीला लावून उभे. वेल्डर येतो, झाडून घेतो, पुन्हा झाडून घेतो. रंगारी रंगवलेल्या दारांना पुन्हा रंग देतो. शेड आजच्याइतकी स्वच्छ कधीच नव्हती, आणि मला ती बघवत नाही.

चिमणीचा प्रोग्राम असलेला त्या काळातला एकच ओव्हन चालू अवस्थेत उरला होता, गल्लीच्या टोकाच्या बेकरीत. बेकरीवाले काका म्हणजे बोलणं कमी आणि खोकणं जास्त असा माणूस. मी म्हटलं, पडदा काढून न्यायालयात न्यायचाय. ते म्हणाले, "तुमचा खटला उद्या चालेल. माझं पीठ आत्ता फुगलंय." ओव्हन हलणार नाही म्हणजे नाही. अखेर न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञबाईच बेकरीत आल्या. बरोबर तुमच्या कंपनीचे टायवाले वकील आणि एक इंजिनिअर. आत भट्टीची धग, पाय ठेवायला जागा नाही, जिथं हात लावावा तिथं मैदा. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून मी यादी ओढली. झुलली. टायवाले म्हणाले, काचेवर पीठ आहे, त्यामुळे बोट घसरतंय. रुमालानं पुसून त्यांनी स्वतः ओढली. झुलली. म्हणाले, उष्णतेनं होत असेल. इंजिनिअरनं काचेवर वारा घातला (दाव्याच्या फाइलनं) आणि ओढली. झुलली. बिचारा इंजिनिअर प्रामाणिक, खुदकन हसला, आणि टायवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हसू त्यानं गिळलं. मग टायवाल्यांनी स्वतः यादी वर-खाली, वर-खाली इतक्यांदा ओढली, की त्या नादात बोट कशावर तरी टेकलं, ओव्हननं पाव सोडून बिस्किटांची आच धरली आणि सगळा घाणा करपला. धूर झाला. काका खोकत आले, काळा पडलेला ट्रे टायवाल्यांच्या पुढ्यात धरला आणि म्हणाले, "झुलते की नाही ते सांगा आणि निघा." तज्ज्ञबाईंनी रुमालाआडून सांगितलं, "झुलते," आणि तसं लिहून घेतलं. टायवाले बाहेर आले तेव्हा टाय पांढरा झाला होता आणि केसही. एका भेटीत माणूस किती प्रौढ दिसू शकतो ते मी पाहिलं.

एवढ्यानं संपायला हवं होतं. पण या बोटाची थुंकी त्या बोटावर करण्यात तुमची कंपनी पटाईत. त्यांचं नवं म्हणणं असं, की ओव्हन जुना असेल, पण आतला प्रोग्राम नंतर बदलला नाही कशावरून? वकीलबाई म्हणाल्या, "आता जिनं लिहिला तिनंच येऊन शपथेवर सांगायला हवं." आणि ही गोष्ट तुमच्या कंपनीलाही उमगली असावी, कारण पुढच्याच आठवड्यात टायवाले (नवा टाय घालून) आमच्या घरी आले. फार गोड बोलले. दावा मागं घेतो, झोका वापरायला कायमची फुकट परवानगी देतो, तुम्ही फक्त इथं सही करा, की शोध आमचाच आहे. खरं सांगतो, जावईबापू, हात पेनाकडे गेला होता. भिंतीला लावलेले ते ओव्हन डोळ्यांपुढं आले. माझे थोरले बंधू शेजारीच बसले होते, ते हळूच म्हणाले, "घे की. मोठ्यांशी वैर कशाला?"

तेवढ्यात तुमच्या सासूबाई चहा घेऊन आल्या. नोटीस अल्बममध्ये ठेवणाऱ्या, जावयाविरुद्ध एक शब्द ऐकून न घेणाऱ्या त्याच. त्यांनी कागद उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला (घरात निदान एक माणूस वाचतं) आणि टायवाल्यांना विचारलं, "परवानगी फुकट आहे, पण परवानगी लागतेच ना?" ते म्हणाले, हो, ती औपचारिकता. "माझ्या मुलीनं केलेली वस्तू वापरायला मी तुमची परवानगी घेऊ? जावई जावयाच्या जागी, लेक लेकीच्या जागी. चहा घ्या आणि या." टायवाल्यांनी चहा घेतला. मी पेनाला टोपण लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या बाईकडे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा बघत होतो.

तेव्हा तुमच्या वरिष्ठांना कळवायचं तर कळवा (नाहीतर मीच कळवेन), की सही मिळणार नाही. बंदीचा अर्ज परवा फेटाळला गेला. ओव्हन आज गाडीत चढताहेत, वेल्डर शिट्टी वाजवतोय, आणि मी तुमचं पेटंट रद्द करायचा अर्ज लावून मोकळा झालोय. कंपनीची इमारत केवढी उंच आहे ते मी बघितलंय. तुमच्या लग्नाआधी तुमची चौकशी करायला आलो होतो तेव्हा खाली उभा राहून मजले मोजायला गेलो आणि मान अवघडली. पण जावईबापू, यादी ओढायला बोट एकच लागतं, आणि ते माझ्याकडेही आहे. मोडेन, पण हा झोका काढणार नाही. उलट पुढच्या ओव्हनमध्ये जरा जास्त ठेवायला सांगितलाय.

चिमणीला आणि तुम्हाला मनापासून आशीर्वाद. मान सांभाळा.

तुमचा वादी, प्रतिवादी आणि सासरा

ता. क. गेल्या वाढदिवसाला तुम्ही मला पाठवलेला कंपनीचा फोन मी निषेध म्हणून कपाटात टाकला होता. काल सहज काढून पाहिला. तुमच्या कंपनीचा झोका आमच्यापेक्षा फारच सुरेख आहे. अगदी लोण्यासारखा. हे मी न्यायालयात सांगणार नाही आणि तुम्ही बोलू शकत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. साक्षीबद्दल चिमणीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, तो झोका मी केलाच नव्हता. ती प्रोग्राममधली चूक होती. यादी थांबायला हवी होती, ती थांबेना. मला दुरुस्त करता आली नाही आणि सुट्टी संपली." मी धावत वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, चूक असली तरी चालेल, आधीची असली म्हणजे झालं. पण चिमणी साक्षीला यायला तयार नाही. हल्ली ती दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचंच काम करते, हाताखाली माणसं आहेत. भर न्यायालयात शपथेवर 'मी चुकले' म्हणायचं तिच्या जिवावर आलंय. मी सांगून पाहिलं, आईनं सांगून पाहिलं. आता तुम्हीच उरलात. प्रकरणाबद्दल अवाक्षर काढू नका. पण बायकोला 'एकदा कबूल कर, चूक तुझीच होती' असं सांगायला सासऱ्यानं लेखी विनवणी केलीय, अशी संधी नवऱ्याच्या जन्माला पुन्हा येत नाही. साधून घ्या.