कव्हराखालची गाडी

आबा, तुमची जुनी अँबॅसडर गेल्या महिन्यात चोरीला जाता जाता राहिली. घाबरू नका, गाडी दारातच आहे. पण ती चोरीला कशी चालली होती ते तुम्हालाच सांगायला हवं, दुसरं कोणी एवढं मनावर घेणार नाही.

तुम्ही गेल्यावर मी ती धुळ्याहून जळगावला आणली. स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावला, चाकाला साखळी आणि वर जाड कव्हर. कामावरून आले की आधी कव्हराच्या दोऱ्या ओढून बघायची, मग घरात पाय. आणि एका भर दुपारी दोघं क्रेन घेऊन आले, "मालकांनी गॅरेजला न्यायला सांगितलीय" म्हणाले, आणि आमच्या वॉचमनने त्यांना साखळी तोडायला चक्क हात लावला. समोरच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं भंगारवाला आलाय. डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर परतले आणि फाटकातच गाठ पडली. मला बघून त्यांनी गाडी खाली सोडली आणि पसार झाले. वॉचमनला मी नाही नाही ते बोलले. तो बिचारा म्हणाला, "ताई, कव्हराखाली कोणती गाडी आहे हेच कधी बघितलं नाही. तुमची आहे हे कसं कळणार?"

तेव्हा धुळ्याची आपली गल्ली आठवली. मी दहावीत असेन. आपल्या गाडीतून पुन्हा कोणाचा तरी नवरदेव जाऊन आलाय, सीटवर हळद, आणि मी फणफणत पुसतेय. "आबा, उद्या कोणी घेऊन पळालं म्हणजे?" तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता म्हणता, "गाडी बठ्ठासनी शे. मंग ती ली कोन जाई?" सगळ्यांची गाडी नेणार कोण, हे तुमचं गणित. वर मलाच दटावता, मन एवढं कोतं ठेवू नको म्हणून. त्याच आठवड्यात तुम्ही नवा मेकॅनिक गाडी न्यायला पाठवलात, तर गल्लीने त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. चहा पाजला, पण तुम्ही येईपर्यंत उठू दिलं नाही. आई हसून हसून बेजार झाली होती.

मी कव्हर काढून टाकलं, आबा. पहिली चक्कर वॉचमनला मारून आणली. मग वहिनींच्या मुलाचं लग्न झालं, खालच्या आजींचं डॉक्टरकडे जाणं-येणं सुरू झालं. सीटवर हळद आहे आणि मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. काल माझे नवे जावई साक्रीहून पहिल्यांदाच इथे आले, मीच किल्ली देऊन त्यांना पेट्रोल भरायला पाठवलं. बराच वेळ झाला तरी गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना, म्हणून खाली गेले. वॉचमनने फाटक लावून घेतलेलं, वहिनी विचारतायत, "कोण हो तुम्ही? ताईंची गाडी आहे ती." जावई खुर्चीवर बसून मुकाट चहा पीत होते.

एक मात्र सांगते. रात्री मी अजूनही इंजिनातला रोटर काढते, त्याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि तांदळाच्या डब्यात लपवते. हे वाचून तुम्ही हसला असता, म्हणून हे पत्र पाठवायची सोय नाही तेच बरं.