अभय घरीच आहे

१२ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

पहिली कोण आली, तर गोदूबाई. पाहुणे नव्हेत. गाडी हातखंब्याला वळली असा आम्रपालीला फोन आला, तो कुंपणापलीकडे हिला ऐकू गेला, आणि ही साखर मागायला हजर. हातात वाटीपण नाही. म्हटलं, आलीच आहेस तर बस, नारळ खोव.

मग पाहुणे. राजश्री मॅडम म्हणजे माझ्या नातीच्या, आम्रपालीच्या, गाईड. डोळे थकलेले, पण घावणे पोटभर खाल्ले. दुसरे अजिंक्य सर, प्रबंध तपासणारे. त्यांनी एकच घावणा घेतला, तोही पेपर तपासावा तसा उलटसुलट करून.

माझी नात कायद्यात डॉक्टर होतेय. विषय असा, की खलाशी आपला, जहाज परक्या कंपनीचं, पगार तिसऱ्याच देशातून, तर टॅक्स कुणी घ्यायचा? ते म्हणे माणूस राहतो कुठे त्यावर ठरतं. यात घटनापण येते, सगळ्यांना सारखा न्याय वगैरे. एवढ्यासाठी तिनं तीनशे पानं लिहिली. मला विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं. पण मुलांचं मुलांना करू द्यावं. मी चौथी, तीपण रात्रशाळेतली.

सर आले ते खात्री करायला. पहिलं प्रकरण आमच्याच घरावर आहे, म्हणजे माझ्या मुलाच्या, अभयच्या, जहाजावरच्या नोकरीवर. लिहिणारी घरची, माणसं घरची, म्हणून सरांना शंका. खात्री पटली तर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नाही तर सगळं नव्यानं लिही. आम्रपालीनं बजावलं होतं, आजी, विचारतील तेवढंच बोल. मी ठरवलंच होतं. सुरमईचा भाव, शेजारच्या सानवीचं लग्न आणि माझा गुडघा सोडला तर एक शब्द जास्त बोलले नाही.

सरांनी विचारलं, मुलगा कुठे असतो. म्हटलं, असतो की घरीच. आता इथेच भाट्याला गेला असेल, येईल एवढ्यात.

सरांनी लिहून घेतलं. पेपर चांगला गेला.

१३ जानेवारी.

आम्रपाली सकाळपासून बोलत नाही. सून म्हणाली (तेजल, अभयची बायको), आई, असं कसं सांगितलंत. पोरीनं पहिल्याच पानावर लिहिलंय, माझे वडील वर्षातला बराच काळ समुद्रावर असतात. तुम्ही त्यांना भाट्याला पाठवलंत. सर गाडीत मॅडमना म्हणाले म्हणे, बापच घरी असेल तर बाकीच्या मुलाखती तरी खऱ्या कशावरून.

यात माझी काय चूक. दर्यावर असलेल्या माणसाला घरी नाही असं म्हणायचं नसतं, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोराला कळतं. असं म्हटलं की कुणाकुणाचे कान टवकारतात. गोदूबाईचा बाळा महिनोन् महिने बोटीवर असतो, तिला विचारा, परसात आहे म्हणेल. ही अंधश्रद्धा नाही. आम्ही अंधश्रद्धा मानत नाही, आमच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत. ही पद्धत आहे. आणि हे खोटंपण नव्हे. मी रोज पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही हे त्यात येतंच.

उद्या सरांना गुपचूप फोन करून निस्तरते.

१४ जानेवारी. दुपार.

केला फोन. सर गोड बोलले. म्हणाले, आजी, मुलगा घरी आहे म्हणालात ना, मग त्यालाच द्या, मिनिटाचं काम आहे. खरं तर मी सगळं समजावूनच सांगणार होते. तोंडातून आलं, आंघोळीला गेलाय. सर म्हणाले, थांबतो.

थांबले. हा माणूस फोन ठेवेचना. मग मी मोरीत गेले आणि तांब्यानं पाणी ओतलं, तिकडे ऐकू जाईल असं. सरांनी विचारलं, झाली का. म्हटलं, डोकं धुतोय. अजून एक बादली ओतली. शेवटी टाकीतलं पाणी संपलं, तेव्हा मीच फोन ठेवला.

परिस्थिती आटोक्यात आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार.

नाही. सरांनी मॅडमना सांगितलं, ही माणसं काहीतरी लपवतायत. व्हायवा थांबवला. आम्रपाली खोलीतून बाहेर आली नाही. तिच्या वाट्याचा बांगडा तसाच राहिला.

अभयचा व्हिडिओ कॉल आला. मागे सगळं निळं. हसत होता. म्हणाला, आये, सांगून टाक, नाय घरात म्हणून. तेवढ्यानं काय जहाज बुडत नाय. मी फोन तेजलच्या हातात दिला. असला शब्द कुणी तोंडात घेतं.

नंतर तेजल भांडी घासता घासता म्हणाली, आई, मी बोललेय. पोरीनं टेप लावली तेव्हा. नवरा घरी नसतो म्हटलं. पोर तापानं फणफणली तेव्हा नव्हता, माझे वडील वारले तेव्हा नव्हता. बोलले आणि कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पण काही झालं नाही.

माझ्या घरात, माझ्या पाठीमागे. ही जीव मुठीत धरून बोलली आणि मी मोरीत पाणी ओतत बसले. अर्थात ती तरुण आहे.

ठरलं. मीपण बोलणार. मॅडम सरांना घेऊन परत येतायत, शेवटचं. पोरीचं सगळं आता माझ्यावर आहे.

१९ जानेवारी.

सराव. आरशासमोर ‘अभय घरी’ इथपर्यंत येतं, पुढे ठसका लागतो. कोंबड्यांना सांगून बघितलं. त्यांच्यापुढे ‘नाही’ आलं, पण मागोमाग ‘येतोच’ पण आलं. मग फणसाला सांगितलं. गोदूबाईनं ऐकलं. काय गो कमळे, म्हणाली, झाडाशी काय बोलतेस. म्हटलं, व्हायवाची तयारी. म्हणाली, व्हायवा पोरीचा की तुझा. जळते ती.

संध्याकाळी बुद्धापुढे मेणबत्ती लावली आणि अख्खं वाक्य म्हटलं. आवाज न करता. तयारी झाली.

२२ जानेवारी, गुरुवार.

पाहुणे येऊन गेले. मधल्यामधे तेजलनं मॅडमना फोन करून आमची पद्धत काय ती सांगितली होती. मला कुणी कळवलं नाही.

सर आल्या आल्या हसले. तेच मला खटकलं. म्हणाले, आजी, चूक आमची. कायदा म्हणतो माणूस घरी नाही, घर म्हणतं आहे. हे प्रबंधात हवंच. त्या दिवशी बोललात तसंच पुन्हा बोला, टेपवर घेतो. एवढं जोडलं की व्हायवाची तारीख देतो.

मी काय कच्ची आहे. परीक्षा घेणारा असाच फसवतो. उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, माझा मुलगा अभय घरी नाही.

आम्रपालीनं कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, आजी, असं नको, तसं. मी म्हटलं, घरी नाही म्हणजे नाही. सर म्हणाले, भाट्याला गेला असेल ना. म्हटलं, सर, एवढे शिकलात, खोटं कशाला बोलता. आणि मग मला थांबताच येईना. जयंतीला नसतो म्हटलं. त्याचा बाप गेला तेव्हा पोचला नाही, पोरीला पदवी मिळाली तेव्हा फोनवरून टाळ्या वाजवल्या. आत्ता कुठे आहे ते मला नकाशावरपण दाखवता येत नाही.

तेजलनं टेप बंद केली आणि मला पाणी दिलं.

सरांनी कुंपणाकडे बघितलं. गोदूबाई उभीच होती. विचारलं, तुमचा बाळा कुठे असतो. ती म्हणाली, परसात, लाकडं फोडतोय. डोळ्याची पापणी हलली नाही. सरांनी लगेच टेप पुढे केली. पण ही म्हणते, आज नको, अंगावर जुनं लुगडं आहे. टेपवर लुगडं कुठे दिसतं, पण सांगणार कोण.

म्हणजे व्हायवा होणार. आत जाताना आम्रपाली माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. आभार मानत असणार. मी तशी बोलले नसते तर सर गोदूबाईपर्यंत पोचलेच नसते, तेव्हा प्रबंध तसा मीच वाचवला.

अभयचा फोन आज यायचा होता. आला नाही. रेंज नसते मधेमधे. तेजलपण म्हणाली, रेंज नसेल, आणि दोनदा उठून फोन बघून आली. मी असलं काही मानत नाही. फोन उशाशी घेतलाय, तो घड्याळासाठी.

पाहुणे बुधवारी परत येतो म्हणाले, २८ तारखेला. गोदूबाईकडे.